पाकिटावरील बारीक अक्षरे आणि आपल्या बरणीतील मध

गेल्या काही वर्षांत आपल्या चर्चासत्रांतून, वृत्तपत्रांच्या आरोग्यपुरवण्यांतून आणि परदेशस्थ नातेवाइकांच्या दूरध्वनीवरील उपदेशांतून एक नाव वारंवार कानी पडते : हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप. मक्यापासून काढलेला हा फ्रुक्टोजप्रचुर पाक सर्व आधुनिक व्याधींचे मूळ आहे, किराणा घेताना तो कटाक्षाने टाळावा, असा त्या उपदेशाचा आशय असतो. नेसरीसारख्या बाजारगावात चिकित्सा करणाऱ्या आमच्यासारख्यांकडेही रुग्ण हे नाव घेऊन येतात. कोणाचा मुलगा अमेरिकेत असतो, कोणाची भाची पुण्यात आहारतज्ज्ञ असते. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे जे उत्तर आपण वैद्य सामान्यतः देतो ते अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या उत्तराचा जो भाग आपण टाळतो तो आपल्याच औषधनिर्मितीशी निगडित आहे, म्हणून तो याच पृष्ठांवर मांडणे आम्ही उचित समजतो.

प्रथम या पदार्थाची ओळख. मक्याच्या स्टार्चचे विघटन केले की ग्लुकोजचा पाक मिळतो. त्यातील काही ग्लुकोजचे विकराच्या साहाय्याने फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करता येते, हे अमेरिकेत मार्शल व कूई या संशोधकांनी १९५७ मध्ये दाखविले. पुढे जपानमध्ये ताकासाकी यांनी ही प्रक्रिया कारखान्याच्या प्रमाणावर शक्य केली. तयार होणाऱ्या पाकाचे दोन मुख्य प्रकार, एकात कोरड्या वजनाच्या ४२ टक्के फ्रुक्टोज, दुसऱ्यात ५५ टक्के. अमेरिकेत आयात साखरेवर निर्बंध आणि मक्याला सरकारी आधार अशी स्थिती असल्याने हा पाक साखरेहून स्वस्त पडू लागला आणि १९८४ पर्यंत तेथील दोन्ही मोठ्या शीतपेय कंपन्यांनी साखर सोडून तो स्वीकारला. म्हणजे या पदार्थाचा प्रसार त्याच्या गुणामुळे झाला नाही, भावामुळे झाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी, कारण पुढे आपल्या मधाच्या संदर्भात हाच न्याय लागू पडतो.

२००४ मध्ये ब्रे, नील्सन व पॉपकिन यांनी पेयांतील या पाकाचा आणि स्थौल्याचा संबंध असावा, असे अनुमान मांडले व तेव्हापासून त्याचे नाव जगभर बदनाम झाले. परंतु साध्या साखरेतही निम्मे ग्लुकोज व निम्मे फ्रुक्टोजच असते. फरक इतकाच, की साखरेत ती दोन्ही बांधलेली असतात व पाकात मोकळी. अमेरिकेतील या पाकाचे दरडोई सेवन १९९९ च्या सुमारास शिखरावर जाऊन उतरणीला लागले, तेथील स्थौल्य मात्र उतरले नाही. तेव्हा साखर निर्दोष आणि मक्याचा पाक तेवढा विषवत्, हे मत टिकणारे नाही. अतिरिक्त फ्रुक्टोज कोणत्याही मार्गाने आले तरी त्याचा भार यकृतावर पडतो, रक्तातील ट्रायग्लिसराइड व युरिक अॅसिड वाढते. चरकाचार्यांनी हे सर्व आधीच सांगून ठेवले होते, असे व्यासपीठावरून सांगण्याची आपल्याकडे एक प्रथा आहे. आम्हांला ती भाबडी वाटते. चरकाचार्यांनी फ्रुक्टोज सांगितले नाही. त्यांनी प्रमेहाच्या हेतूंत आरामशीर बैठक, अतिनिद्रा, दही, नवे धान्य आणि गुळाचे विकार सांगितले. आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

आता नेसरीच्या दुकानात येऊ. प्रतापराव गुजरांच्या खिंडीमुळे इतिहासात राहिलेले हे गाव आज आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ आहे आणि भोवतीचा सगळा मुलूख उसाचा आहे. अशा भागातील दुकानात हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप या नावाने काही शोधू गेल्यास बहुधा हाती काही लागणार नाही. भारतात ऊस मुबलक, साखर मक्याच्या पाकापेक्षा परवडणारी, त्यामुळे आपल्याकडील शीतपेयांच्या बाटलीवर बहुधा सरळ साखर असेच छापलेले असते. अमेरिकी नावाचा पाक सापडतो तो मुख्यतः शहरांतील मोठ्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या आयात सॉस, सिरप व मिठायांमध्ये, किंवा परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या पेटीत. युरोपीय माल असेल तर तेथे त्याचे नाव ग्लुकोज-फ्रुक्टोज सिरप असे होते. तेव्हा ते एक नाव पाकिटावर न दिसल्याने समाधानी होणारा ग्राहक फसतो. नावाचे महत्त्व उत्पादकांना ग्राहकापेक्षा अधिक कळते. अमेरिकेतील मका प्रक्रियादारांच्या संघटनेने २०१० मध्ये या पाकाला ‘कॉर्न शुगर’ म्हणू द्यावे, असा अर्ज तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे केला होता. २०१२ मध्ये तो फेटाळला गेला.

आपल्याकडील पाकिटांवर जी नावे वाचावयाची ती वेगळी आहेत : लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज आणि अर्थातच साखर. यांपैकी लिक्विड ग्लुकोज हा मक्याचाच पाक, पण त्यात फ्रुक्टोज जवळजवळ नसते. इन्व्हर्ट सिरप म्हणजे उसाच्या साखरेचे विघटन करून केलेला पाक. त्याची घडण मात्र मक्याच्या त्या बदनाम पाकाच्या अगदी जवळची. क्रीमच्या बिस्किटांपासून खोकल्याच्या गोळीपर्यंत ही मंडळी सर्वत्र आढळतात. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. यावर उत्पादकांचा एक सोपा तोडगा असा, की गोडवा एकाच नावाने न घालता तीन-चार नावांनी विभागून घालावा. मग मैदा पहिला राहतो, साखर दुसरी-तिसरी होते, सिरप पाचवे होते आणि बेरीज कोणी करीत नाही.

यावर उपाय म्हणून २०२० च्या लेबलविषयक नियमांनी पोषणतक्त्यात एकूण साखर व वरून घातलेली साखर असे दोन आकडे देणे आवश्यक केले. आमच्या मते रुग्णाला शिकवावयाचा आकडा हा दुसरा होय. तरी त्यातही एक पळवाट उरते. माल्टोडेक्स्ट्रिन रासायनिक व्याख्येने ‘साखर’ या सदरात मोजले जात नाही, लिक्विड ग्लुकोजचाही काही भाग तसाच सुटतो. रक्तातील ग्लुकोज मात्र दोन्हींनी झपाट्याने वाढते. म्हणून आकडा पाहावा आणि नावेही पाहावीत.

पण पाहणार कोण? नियमानुसार लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असले तरी चालते. मराठीची सक्ती नाही आणि प्रत्यक्षात बहुतेक पाकिटे इंग्रजीतच असतात, तीही अशा आकाराच्या अक्षरांत की साठी उलटलेल्या माणसाने ती भिंगाशिवाय वाचू नयेत. आमच्या भागात घराघरांतील कर्ती माणसे मुंबईत, किराणा आणणारी आजी किंवा शाळकरी नातू. गणपतीला मुंबईकर येतात ते पिशवीभर पाकिटे घेऊन येतात, आणि ती पाकिटे गौरी गेल्यावरही महिनाभर डब्यात पुरतात. येथे ‘लेबल वाचा’ हा उपदेश शहरी वाटतो. म्हणून आम्ही अलीकडे पथ्याच्या कागदावर ही चार-पाच नावे मराठी व इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत छापून देतो आणि रुग्णाला सांगतो, की दुकानदाराला हा कागद दाखवा, यातले एक जरी नाव पहिल्या तिनांत असेल तर पाकीट परत करा. दुकानदार प्रथम हसतात, नंतर स्वतःच वाचू लागतात. फळांच्या रसाच्या खोक्यांबाबत तर आता शासनाचेच साह्य झाले आहे. जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा लेबलांवरून व जाहिरातींतून काढून टाकण्याचा आदेश दिला.

एक गैरसमज मात्र या उसाच्या मुलखात फार घट्ट रुजला आहे आणि तो पाकिटात मिळत नाही. ‘साखर सोडलिया की डाक्टर, निस्ता गूळच घेतुय,’ असे सांगणारा मधुमेही आम्हांला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. गुळात खनिजे असतील, गुण वेगळे असतील, तथापि त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. प्रमेहाच्या हेतूंत गुळाचे विकार मोजणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी तरी याबाबत मिठास उत्तरे देऊ नयेत. देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने मांडला. त्यांतील कितीजण गुळाच्या किंवा मधाच्या भरवशावर आहेत याची गणती वैद्यांनीच आपापल्या नोंदवहीत करावी.

येथवर आमच्याशी बहुतेक वाचक सहमत होतील. आता अप्रिय भागाकडे वळतो.

ज्या रुग्णाला आपण बिस्किटातील सिरप वर्ज्य सांगतो त्याच्याच हाती आपण सितोपलादी चूर्णाची पुडी देतो आणि ‘मधातून घ्या’ असे सांगतो. कोणत्या मधातून? बहुधा तो वरच्या गल्लीतील दुकानातून बाटली घेतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये मधाच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. १३ नाममुद्रांचे २२ नमुने तपासले असता ७७ टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळल्याचे संस्थेने म्हटले. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स या प्रगत चाचणीस १३ पैकी केवळ ३ नाममुद्रा उतरल्या. कंपन्यांनी हे निष्कर्ष अमान्य केले, हेही नमूद केले पाहिजे. मात्र त्याच वर्षी ऑगस्टपासून निर्यातीच्या मधासाठी ही चाचणी शासनाने सक्तीची केली होती, देशातील ग्राहकाच्या मधासाठी नव्हे. परदेशी ग्राहकासाठी एक गाळणी आणि आपल्या रुग्णासाठी दुसरी, हा भेद आपल्या संघटनांनी ज्या शांततेने स्वीकारला त्याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

या भेसळीची यंत्रणा समजून घेणे फार्मसीचालकांना आवश्यक आहे. ऊस व मका या वनस्पती प्रकाशसंश्लेषणाची एक विशिष्ट रीत वापरतात. मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्या बहुतेक वनस्पतींची रीत दुसरी. त्यामुळे मधात उसाची साखर किंवा मक्याचा पाक मिसळला तर कार्बनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून तो पकडता येतो. ही चाचणी रूढ झाली तेव्हा भेसळ करणारे भाताच्या पाकाकडे वळले, कारण भाताची रीत फुलांसारखीच. मग भाताच्या पाकाची खूण शोधणारी चाचणी आली, तर तीही चुकविणारे पाक परदेशातून येऊ लागले. या पाठशिवणीत प्रयोगशाळा नेहमीच एक पाऊल मागे राहते. मग पाण्यात थेंब सोडणे, कापसाची वात मधात बुडवून पेटविणे, कागदावर ठेवून पाहणे, मुंग्या लागतात का ते पाहणे, या आपल्या परीक्षांची काय कथा! त्यांवरून फार तर मधातील पाण्याचे प्रमाण समजेल. उत्तम बनविलेला फ्रुक्टोजचा पाक या सर्व परीक्षा शुद्ध मधाइतक्याच ऐटीत उत्तीर्ण होतो.

याउलट अस्सल मधाला मात्र ग्राहक नापास करतो. ग्लुकोजचे प्रमाण अधिक असलेला मध थंडीत गोठतो, तळाशी रवा धरतो. ग्राहक म्हणतो, साखर घातली आहे, आणि बाटली परत करतो. फ्रुक्टोजचा पाक मिसळलेला मध वर्षभर काचेसारखा पारदर्शक राहतो म्हणून तो ‘शुद्ध’ ठरतो. व्यापारी यातून योग्य तो धडा घेतो. आपल्या फार्मसींच्या खरेदीतही ‘गोठलेला माल नको’ अशी अट घातली जात असेल, तर पाकाला आमंत्रण आपणच देतो.

आणि आपण केवळ अनुपानापुरते बोलत नाही आहोत. अवलेहांत लिक्विड ग्लुकोज का येते, हे या वाचकवर्गाला आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. तो घातला की साखर दाणा धरीत नाही, चकाकी येते, घट्टपणा येतो, खर्च वाचतो. विशेष म्हणजे अवलेहाचा पाक सिद्ध झाल्याची जी लक्षणे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो, तार सुटणे, पाण्यात टाकल्यास बुडणे, बोटाने दाबल्यास ठसा उमटणे, त्यांतील तार व ठसा लिक्विड ग्लुकोज स्वतःच्या चिकटपणाने आणून देतो. म्हणजे औषध कच्चे असूनही परीक्षा पूर्ण. शार्ङ्गधरांच्या कसोटीला फसविण्याची ही युक्ती आधुनिक काळाचे अपत्य आहे आणि तिची दखल आपल्या पाठ्यपुस्तकांनी घेतलेली नाही.

सिरपांचा हिशेब तर कोणीही कागदावर करू शकतो. औषधसंहितेप्रमाणे साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के साखर असते. असा पाक १० मिली घेतल्यास त्यातून सुमारे ८ ते ९ ग्रॅम साखर पोटात जाते. दिवसातून तीन मात्रा झाल्या की आकडा २५ ग्रॅमच्या घरात पोहोचतो. काढा मिसळल्याने हे प्रमाण काही घटेल, हे मान्य. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रौढासाठी जी आदर्श मर्यादा सुचविली, एकूण उष्मांकाच्या ५ टक्के, ती म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच होय आणि तीत मधातील साखरही धरली आहे. तेव्हा बिस्किटाच्या पुड्यावर बोट ठेवण्यापूर्वी आपल्या बाटलीवर ते एकदा ठेवून पाहावे.

यावर नेहमीचे उत्तर असे, की शास्त्रातच शर्करा सांगितली आहे. निश्चित सांगितली आहे. चरकोक्त च्यवनप्राशात ५०० आमलकींना अर्धी तुला मत्स्यण्डिका, म्हणजे आजच्या मापाने सुमारे २ किलो ४०० ग्रॅम. शिवाय पाक सिद्ध होऊन थंड झाल्यावर सहा पल मध. पण मत्स्यण्डिका सांगितली आहे, ‘कोणताही गोड पदार्थ’ असे सांगितलेले नाही. ज्या शास्त्राने एकाच उसाच्या रसापासून होणारे फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खांड व शर्करा असे टप्पे वेगळे मानले, जसजसे निर्मळ तसतसे शीत असा क्रम लावला, नव्या गुळाचे व जुन्या गुळाचे गुण निराळे सांगितले, मधाचे चार आणि सुश्रुतांनी तर आठ प्रकार मोजले, त्या शास्त्राच्या नावाने मक्याचा, भाताचा व उसाचा पाक एकाच ‘शर्करा’ या शब्दाखाली झाकणे म्हणजे द्रव्यगुणविज्ञानच नाकारणे होय. मधुर रस सारखा म्हणून द्रव्य सारखे, हे मत आपण परीक्षेत लिहिले असते तर गुण मिळाले नसते.

द्रव्य न मिळाल्यास काय करावे, याचेही उत्तर परंपरेत आहे. भावप्रकाशात अभावी घ्यावयाच्या प्रतिनिधी द्रव्यांची चर्चा आहे. मध न मिळेल तेथे जुना गूळ, मत्स्यण्डिका न मिळाल्यास पांढरी शर्करा, तीही नसल्यास खांड. या व्यवस्थेतील मोठी गोष्ट ही, की बदल उघड आहे. अमुक नव्हते म्हणून तमुक घेतले, हे वैद्याला ठाऊक असते आणि त्याप्रमाणे तो मात्रा व पथ्य ठरवितो. प्रतिनिधी द्रव्याला आमचा विरोध नाही. निनावी प्रतिनिधीला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६१ वा नियम आयुर्वेदीय औषधाच्या लेबलावर सर्व घटकांची खरी यादी मागतो. तेव्हा लेबलावर ‘मधु’ लिहून आत इन्व्हर्ट सिरप घालणे ही शास्त्राशी प्रतारणा तर आहेच, शिवाय कायद्याचा भंगही आहे. त्याउलट खाद्यपदार्थाप्रमाणे पोषणतक्ता व वरून घातलेल्या साखरेचा आकडा देण्याचे बंधन औषधाच्या परवान्यावर विकल्या जाणाऱ्या अवलेहाला नाही. म्हणजे या एका बाबतीत बिस्किटाचा पुडा आपल्या बरणीपेक्षा अधिक बोलका आहे. हे वाक्य लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, तरी ते खरे आहे.

लहान फार्मसीची अडचण आम्ही जाणतो. अस्सल मधाचा भाव पाकाच्या कैक पट असतो. मोठ्या कंपनीची जाहिरात दूरचित्रवाणीवर, शासकीय निविदा सर्वांत कमी दराला, औषधविक्रेता सवलत मागतो, आणि रुग्ण म्हणतो, तिकडे स्वस्त मिळते. अशा स्थितीत प्रामाणिक राहणाऱ्यास तोटा होतो, हे अर्थशास्त्र आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या सचोटीवर सोडू नये, संघाने सामुदायिक खरेदीने सोडवावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

कोल्हापूर जिल्ह्याला यासाठी फार दूर जावे लागणार नाही. भुदरगड तालुक्यातील, मौनी महाराजांच्या मठामुळे सर्वांस परिचित असलेले पाटगाव आज मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. महाबळेश्वरजवळील मांघर मे २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव घोषित झाले, त्यानंतर पाटगावने ही वाट धरली आणि २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या उत्कृष्ट पर्यटन ग्राम स्पर्धेत कांस्य पारितोषिकही मिळविले. तेथे पेट्यांत पाळल्या जातात त्या सातेरी माश्या, आपल्या सह्याद्रीच्याच. त्यांच्या मधात पाण्याचे प्रमाण काहीसे अधिक असते, त्यामुळे तो आंबण्याचा संभव असतो आणि म्हणून व्यापारी मध सामान्यतः ६० अंशांच्या आसपास वा वर तापवून मग बाटलीत भरला जातो. मध तापवू नये हे आपले वचन आणि न तापविलेला मध टिकत नाही ही व्यापाऱ्याची अडचण, या दोहोंचा मेळ मोठ्या कारखान्यात बसणार नाही. तो बसेल तेथे, जेथे मधपाळ पोळे पूर्ण मेणाने मिटल्यावरच मध काढील आणि वैद्य तो हंगामातच उचलील. यासाठी मधपाळाला आगाऊ मागणी व रास्त भाव दोन्ही हवेत. तपासणीसाठी पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तर आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची मध तपासणी प्रयोगशाळा २०२० मध्ये सुरू झाली. एकट्या फार्मसीला प्रत्येक घाण्याची तपासणी परवडणार नाही. दहा-पंधरा जणांनी एकत्र घेतलेल्या मालाचा एक नमुना पाठविणे कोणालाही जड नाही.

गुळाचेही तसेच. १८९५ मध्ये वसलेल्या शाहूपुरीच्या पेठेपासून कोल्हापूरचा गूळ नावाजला आहे, २०१४ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही लाभले. तरी साखर गुळाहून स्वस्त पडते त्या हंगामात ती काहिलीत पडते, अशा तक्रारी या जिल्ह्यात होत आल्या आहेत. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा, म्हणून रसायने पडतात. आपल्याला मात्र शास्त्राप्रमाणे काळसर, भेंडीच्या पाण्याने मळी काढलेला, वर्षभर मुरलेला गूळ हवा. व्यापाऱ्याच्या लेखी ज्याची किंमत उतरलेली तोच आपल्या कामाचा, असा योग क्वचितच येतो. आसवारिष्टे करणाऱ्यांनी तो साधावा. आमच्या परिसरात अजून गुऱ्हाळे पेटतात. समोर उभे राहून आधण करून घेणे आणि ती ढेप फार्मसीत वर्षभर ठेवणे, यांस कोणत्याही यंत्राची गरज नाही.

जांभळाच्या फुलोऱ्याच्या मधाविषयी एक शब्द. काळसर, किंचित कडवट असा हा मध मधुमेहींना चालतो, असे सांगून तो चढ्या भावाने विकला जातो. जांभळाचे बी प्रमेहघ्न आहे म्हणून त्याच्या फुलावर बसलेल्या माशीचा मधही तसाच असेल, ही कल्पना मनोहर आहे. पण रुग्णाची रक्तशर्करा तपासल्यावाचून ती कोणी सांगू नये. जुना मध लेखन आहे, हे ग्रंथवचन आम्हांस मान्य आहे. मात्र ते वचन जुन्या मधाविषयी आहे, जुन्या सिरपाविषयी नव्हे, आणि मात्रेचे भान त्यात गृहीत आहे.

संघाच्या येत्या सभेत आम्ही दोन सूचना मांडणार आहोत. सदस्य फार्मसींनी आपल्या प्रत्येक अवलेहाच्या व सिरपाच्या लेबलावर गोडव्याचे द्रव्य त्याच्या उगमासह मराठीत छापावे : ऊस-साखर, गूळ, मध, मक्याचा ग्लुकोज, जे असेल ते. त्याखाली एका मात्रेतील साखरेचे ग्रॅम द्यावेत. आणि येत्या उन्हाळ्याच्या हंगामासाठी सामुदायिक मधखरेदीची मागणी संक्रांतीपूर्वी एकत्र करावी, कारण पेट्यांची संख्या मधपाळ त्यानंतर ठरवितात. ज्यांना पाच किलोपेक्षा कमी मध लागतो अशा चिकित्सकांचीही नावे घ्यावीत. डबे कोणते वापरायचे, नमुना कोणासमक्ष काढायचा आणि गोठलेला मध परत न करण्याची अट सर्वांनी मान्य करावयाची की नाही, हे सभेतच ठरवावे लागेल.